खोकल्यासकट

प्रिय बटण,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राचं एक बरं असतं, समोरच्याला मध्येच कट करता येत नाही. ‘प्रिय’ लिहिलंय ते सवयीने. खरं सांगायचं तर कर्कशची मूळ रेकॉर्डिंग मागून मला तीन आठवडे झाले आणि आता तुझं नाव काढलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते.

तू काढलेला कर्कशचा अल्बम ऐकला. माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचा आवाज मी तो जन्मल्या दिवसापासून ऐकलाय, आणि तरी चौथ्या गाण्यापर्यंत मला वाटत होतं की हा दुसराच कोणीतरी आहे. तू फोनवर मोठ्या तोऱ्यात म्हणाला होतास, “ताई, एकदम स्वच्छ केलंय, कुठे खरखर सापडली तर सांग.” नाही सापडली. खोकला नाही, धाप नाही, दोन ओळींच्या मध्ये घेतलेला एक श्वासही नाही. तो जाऊन आठ महिने झाले. तू मात्र त्याचा श्वास सहा वर्षं आधीपासून, पहिल्या गाण्यापासूनच, बंद करून टाकलास.

मी वीज तक्रार केंद्रात दिवसभर कानाला हेडफोन लावून बसते. समोरचा बोलायच्या आधी श्वास कसा घेतो, त्यावरून मला कळतं की हा शिव्या घालणार की रडणार. तेव्हा गाण्यात श्वास हा कचरा असतो, हे शहाणपण मला शिकवू नकोस.

पहिलं गाणं आठवतंय? रेकॉर्डिंगचं बटण तुझ्या हातात आणि माइक माझ्या कपाटात टांगलेला, कारण कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही हे तुझं संशोधन. माझ्या इस्त्रीच्या कपड्यांना तुम्हा दोघांच्या घामाचा वास यायचा आणि मी तेच घालून ऑफिसला जायचे. फरशा कापायच्या कारखान्यात लागायला त्याला आठवडा बाकी होता. सोळा ओळी एका दमात म्हणाला आणि कपाटातून डोकं बाहेर काढून विचारलं, “ताई, जेवायला काय आहे?” धापसुद्धा लागली नव्हती. मी तुम्हा दोघांना जेवायला वाढलं आणि म्हटलं, असलं कर्कश कोण ऐकणार? ते नाव त्याने तिथेच उचललं.

दुसऱ्या वर्षी एका दमात बारा ओळी झाल्या. चौथ्या वर्षी सहा. शेवटच्या गाण्यात तो दर दोन ओळींनंतर थांबतो. तू तिथला श्वास कापलास आणि नुसती शांतता ठेवलीस, आणि आता त्या शांततेवर लोक कौतुकाचे पूल बांधताहेत. कोण एक विद्वान लिहितो, कर्कशने रॅपला मौनाची लय दिली. गेल्या महिन्यात गोदामातल्या त्याच्या आठवणीच्या कार्यक्रमात मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. एक धडधाकट छातीचा रॅपर त्याची हुबेहूब नक्कल करत होता. दोन ओळी, थांबणं, पुन्हा दोन ओळी. टाळ्या पडत होत्या आणि मला उठून त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. त्याचा तरी काय दोष, त्याला कोणी सांगितलंच नाही की ही शैली नव्हती, फरशीची भुकटी होती.

फरशीवर पाण्याची धार धरून कापलं तर धूळ खाली बसते. पण पाण्याने काम सावकाश होतं, म्हणून मुकादम नळ बंद ठेवायचा. कर्कश घरी यायचा तो पापण्या पांढऱ्या घेऊन. मी हसायचे, म्हातारा झालास म्हणायचे. आता त्या हसण्याची मला किळस येते. त्याने गाण्यात हेच सगळं सांगितलं, मुकादमाचं नाव घेऊन सांगितलं. पुलाखाली दोनशे माणसं ऐकायला जमायची, आणि यंत्रांवर उभे असलेले त्याचे सोबती तीच गाणी ओठ न हलवता म्हणायचे.

आता का मागतेय ते ऐक. मंगळवारी कामगार न्यायालयात सुनावणी आहे. त्याच्याबरोबरचे नऊ जण अजून त्याच यंत्रांवर आहेत आणि कोरडी कापणी बंद करा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. कारखान्याने लेखी दिलंय की कर्कशची छाती लहानपणापासूनच अधू होती. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तारखांसकट मूळ आवाज मिळाला तर हे खोटं उघडं पडेल. तो आवाज तुझ्या हार्ड डिस्कवर आहे आणि तू मूग गिळून बसलायस. का, ते मला कळलंय. त्यात तूही आहेस. शेवटच्या गाण्याला मी दाराबाहेर होते. एकोणीस वेळा तू त्याला म्हणालास, “पुन्हा घे, खोकला आला.” आणि मधेच दार बडवून, “अरे, हळू खोक जरा, डोकं उठलंय माझं,” असं ओरडणारी बाई मी आहे. तेही त्यात असणार. सगळं घेऊन ये, काही साफ करू नकोस. भर कोर्टात आपल्या दोघांची मान खाली जाईल. जाऊ दे. मंगळवारीही त्या नऊ जणांपैकी सात जण सकाळी पाळीवर जाणार आहेत, दोघांनाच सुट्टी मिळाली आहे.

अजून तरी तुझीच,
ताई