पाहुणीबाईंचा घास

सोमवार, ६ जानेवारी २०२५

आले एकदाची. परळला, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळची खाट मिळाली. शंतनु बॅग ठेवून निघाला तेव्हा त्याचं तोंड इतकं उतरलं होतं की मलाच त्याला हसवून पाठवावं लागलं. बॅग उघडली तर आत दोन स्वेटर. परळमध्ये स्वेटर! माथेरानला निघाल्यासारखी तयारी केली होती नवऱ्याने.

वॉर्ड बरा आहे. पिवळ्या भिंती, सहा खाटा, पण सध्या आम्ही चौघीच. सगळ्यात लहान सतरा वर्षांची, सगळ्यात मोठी बावन्नची. सगळ्यांचं दुखणं एकच, जेवणाशी वाकडं. खिडकीतून उड्डाणपूल दिसतो, आणि वारा लालबागकडून आला की मसाला कुटणाऱ्या डंकांचा ठसका आत येतो. बाकीच्या म्हणतात, खिडकी लावा. मला चालतं. वास येतो, पण त्याने पोटात काही हलत नाही. अकरा वर्षं झाली, मला भूक लागलेली नाही.

नियम नम्रता सिस्टरने सांगितले. ती काळाचौकीची, बोलणं एकदम फटाफट. दिवसातून सहा वेळा टेबलावर बसायचं. समोर येईल ते संपवायचं. संपलं की ती कागदावर बरोबरची खूण करणार. रोज सकाळी वजन, पण काट्याकडे पाठ करून उभं राहायचं, आकडा फक्त डॉक्टर बघणार. टेन्शन नका घेऊ वैदेहीताई, पहिल्या दिवशी इथे सगळ्याच रडतात, असं ती म्हणाली. मी रडले नाही. तिचा जरा हिरमोडच झाला असावा.

रोजनिशी लिहायला डॉ. मीनाक्षींनी सांगितलंय. कुणी वाचणार नाही, असंही सांगितलंय. तर लिहून टाकते. नोव्हेंबरात जुईला शाळेतून आणताना मी माटुंग्याच्या फुटपाथवर कोसळले. जुई सहा वर्षांची आहे. माणसं जमेपर्यंत ती माझा हात धरून शेजारी बसून होती. हे मला नंतर कळलं, आणि ऐकून मला काही म्हणजे काही वाटलं नाही. त्याचीच भीती वाटली, आणि मी इथे यायला तयार झाले. ताटं संपवायची, वजन भरायचं, जुईकडे घरी जायचं. एवढंच काम आहे.

बुधवार, ८ जानेवारी

इथली एक पद्धत आहे. टेबलावर प्रत्येकीच्या डाव्या हाताला एक रिकामी खुर्ची असते. ती आपल्या आजाराची. डॉ. मीनाक्षी म्हणतात, तुम्ही म्हणजे तुमचा आजार नव्हे. त्याला बाहेर काढा, नाव द्या, शेजारी बसवा आणि त्याच्या नाकावर टिच्चून जेवा. त्याच्याशी हवं तेवढं भांडा, फक्त त्याचं ऐकू नका.

माझ्यासमोर ऋता बसते. बारावीची आहे. तिने आजाराचं नाव ठेवलंय मॉनिटर, कारण तो तिच्या तोंडातला घास न् घास मोजतो. ती त्याला मोठमोठ्याने शिव्या घालते, रडते आणि रडत रडत ताट संपवते. बघायला काही सुंदर नाही, पण संपवते.

मला नाव सुचेना. अकरा वर्षं ही माझ्याकडे मुक्काम ठोकून आहे, जायचं नाव काढत नाही, म्हणून म्हटलं, पाहुणीबाई. डॉक्टर खूश झाल्या. पाहुणी आज ना उद्या जातेच, म्हणाल्या.

जेवायला बसल्यावर कळलं, नाव चुकलं. मी गिरगावात नलूआत्याच्या हाताखाली वाढले. दोन खोल्या, आणि माणसांची ही वर्दळ. मीटर बघायला आलेला माणूससुद्धा आमच्याकडून कोरड्या तोंडाने गेला नाही. समोर कुणी बसलेलं असताना आपण एकट्याने खायचं, याला आत्याकडे एकच शब्द होता, दळभद्रीपणा. आणि आता पाहुणीबाईंना शेजारी बसवून, त्यांच्यासमोर काही न ठेवता मी आपली वरणभात खातेय. एरवीच उतरत नाही, त्यात ही भर. दीड पोळीला पाऊण तास लागला.

शुक्रवार, १० जानेवारी

आज हातून चूक झाली. चूक म्हणावी की युक्ती, अजून ठरत नाही.

दुपारी पोळीचा एक तुकडा मोडला आणि हात आपोआप डावीकडे गेला. तुकडा टेबलाच्या कडेला, खुर्चीसमोर ठेवला. वर हळूच म्हटलंसुद्धा, घ्या ना, संकोच करू नका. सवय. लगेच लक्षात आलं की इथे अन्न बाजूला सारणं हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे. नम्रता येतच होती. मी तुकडा उचलायला गेले तर कडेवर काही नव्हतं. मांडीवर नाही, खाली नाही, खुर्चीवर नाही. नम्रताने ताट बघितलं, टेबलाखाली वाकून बघितलं, माझ्या बाह्या चाचपल्या आणि बरोबरची खूण केली.

मी घाबरायला हवं होतं. मला हायसं वाटलं. अकरा वर्षांतला सगळ्यात सोपा घास होता तो.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. स्वयंपाकघरातल्या राधाबाईंनी तिळाचे लाडू वळले होते. माझा अख्खा लाडू पाहुणीबाईंना दिला. तिळगूळ घ्या, गोड बोला, हेही म्हटलं. आता अर्ध्याहून जास्त ताट तिकडेच जातं. मी ठेवते, नजर वळवते, पुन्हा बघते तर नसतं. खुर्चीची गादी रेक्झिनची आहे. आम्ही जेवायला बसलो की तीही दबते आणि कुणी टेकल्यासारखा तिचा आवाज होतो.

ऋताने बघितलं. हात धुताना माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ताई, तुम्ही तिला खायला घालताय ना? नका घालू. मी मॉनिटरला एक शीतपण देत नाही, म्हणून तो नुसता बोंबलतो. खायला मिळालं असतं तर गेला असता का तो?

शहाणी मुलगी आहे. मी तिला म्हटलं, तू तुझ्या ताटाचं बघ. गोड आवाजातच म्हटलं. आत्याने निदान तेवढं शिकवलंय.

रविवार, १९ जानेवारी

वजन वाढतंय. डॉ. मीनाक्षींनी आकडा नाही सांगितला, पण त्यांचा चेहरा फुलला होता. असंच चालू राहिलं तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात घरी, म्हणाल्या.

गुरुवारपासून माझ्या पोटात पाण्याखेरीज काही गेलेलं नाही.

हातातली बांगडी कोपरापर्यंत चढते. काटा बिघडला असेल म्हणून मी नम्रताला विचारलं, तर ती म्हणे, काय ताई, मस्करी करता, गाल बघा की आरशात. आरशात बघितलं. मला माझे नेहमीचेच गाल दिसले. सगळ्यांना फसवल्याचा आनंद व्हायला हवा होता. तोही झाला नाही. पण घरी जायला मिळेल, जुई भेटेल. ताटं कुणी का संपवेना.

गुरुवार, २३ जानेवारी

आता मी देत नाही. तीच घेते. ताट माझ्यासमोर येतं आणि हळूहळू डावीकडे सरकतं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. मी हात लावून धरलं तरी सरकतं.

आज नम्रताने पाण्याचा पेला माझ्याऐवजी खुर्चीसमोर ठेवला. अगदी सहज. मग राधाबाई आल्या, खुर्चीकडे बघून विचारलं, आमटी तिखट तर नाही झाली? उत्तर आलं, नाही हो, छान झालीय.

आवाज माझा होता. मी तोंड उघडलं नव्हतं.

शनिवार, २५ जानेवारी

ऋता घरी गेली. आई-वडील आले होते, तिघंही हसत होती. निघताना ती टेबलाशी आली. आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, डोळे बारीक करून, उन्हात बघावं तसं. ताई, आता तरी खा, म्हणाली.

माझ्याकडे बघून कुणी बोललं, ते हे शेवटचं. त्यानंतर आज कुणी बोललेलं नाही.

रविवार, २६ जानेवारी

भेटीचा दिवस. शंतनु आणि जुई आली.

जुई धावत आली आणि डावीकडच्या खुर्चीवर चढली. कुणाच्या तरी मांडीवर बसावं तशी बसली, अधांतरी, मान मागे टेकून. वर बघून म्हणाली, आई मऊ झाली. शंतनु रडायला लागला. किती बरी दिसतेस, म्हणाला. माझ्या डाव्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला.

मी जुईला हाक मारली. तीन वेळा. तिसऱ्या वेळी तिने मान वळवली, पंखा कुरकुरला की आपण बघतो तसं बघितलं, आणि पुन्हा तिकडे वळली. तिच्या केसांवरून हात फिरत होता. केस दबताना मला दिसले. हात दिसला नाही.

मला वाईट वाटलं. लिहून ठेवते, कारण कित्येक वर्षांत असं वाटलं नव्हतं. छातीत दुखलं. माझी मुलगी आहे ती.

मंगळवार, २८ जानेवारी

ठरवलं. आजपासून मी खाणार. ताटातलं सगळं, मीच.

बसले. नम्रताने ताटं मोजून ठेवली, तीन. बाकी दोघींची दोन, आणि एक खुर्चीसमोर. माझ्यासमोर टेबल. मी म्हटलं, माझं ताट? ती खुर्चीशी हसून बोलत होती.

मी हात लांब केला. पोळी पकडली. बधिर झालेल्या हाताने पकडावी तशी, कळतच नाही धरलीय की नाही. धरलेली नव्हती.

पेन धरता येतंय. अजून.

गुरुवार, ३० जानेवारी

डॉ. मीनाक्षींच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, पहिल्या घासापासून. मीच बोलावलं, मीच वाढलं, माझं चुकलं. त्या मान हलवत होत्या. मग कळलं, मान दुसरीच्या बोलण्यावर हलत होती. ती म्हणत होती, आता मला त्या आजाराचं नावसुद्धा आठवत नाही, डॉक्टर.

बुधवारी सोडतो, असं लिहिलं त्यांनी.

मी ओरडले. डॉक्टरांनी उठून खिडकी लावली.

रविवार, २ फेब्रुवारी

शंतनुचा फोन आला. ती बोलली त्याच्याशी. जुईला शाळेत काय डबा देतोस, विचारलं. भेंडी नको देऊ, ती टाकते, म्हणाली. तिला कसं माहीत — माझ्यात राहून सगळं — अकरा वर्षं सगळं बघत होती.

मी कुणाकुणाला हात लावला. नम्रताने शाल घेतली.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पोटात काहीतरी होतंय. दुखत नाही. ओढल्यासारखं. आधी कळेना. मग राधाबाईंनी फोडणी दिली, लसणीची, आणि तोंडाला पाणी —

भूक. ही भूक आहे. मला भूक लागली आहे.

उद्या सकाळी नेणार तिला. आज काहीतरी खाल्लं, एकच घास, तर कदाचित — स्वयंपाकघरात गेले. पातेल्यात वाकले. भात होता. बोटं भातातून जातात, शीत हलत नाही. राधाबाईंनी झाकण ठेवलं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गेली.

माझी साडी नेसली होती. बॅग शंतनुने उचलली. जुई तिचा हात धरून. जिन्यापर्यंत गेले मी मागे, पुढे पाय पडेना. जुई, जुई म्हणत — पहिल्या वळणावर ती थांबली. माझ्याकडे वळून, माझ्या आवाजात, आत्याने शिकवलं तसं म्हणाली, येते हं.

जाते नाही म्हणाली.

खाली गाडीचं दार लागलं. ऐकू आलं.

नम्रताने आमच्या दोन्ही खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. मी जमिनीवर बसलेय. अक्षर फिकट येतंय, पेन दाबूनही —

गुरुवार

बारा वाजले. वाढताहेत. वरण, भात, वर तूप, वास इथपर्यंत. सहन होत नाही. नम्रता माझ्या अंगावरून ओलांडून गेली. नम्रता, ऐक ग. मी कधी मागितलं नाही, आज मागतेय. एक घास. खाली ठेवलास तरी चालेल. मी खाईन, सगळं संपवेन, घरी जायचंय मला, जुई — हे बघ, तोंड उघडलंय, बघ ना, मी