नऊ वाजताची श्रद्धांजली

सेलू, जि. वर्धा
१८ जानेवारी २०२६

ती. सौ. शरयूताईस,
वेदूचा नमस्कार.

इकडे आम्ही बरे आहोत. थंडीनं आईचा गुडघा धरला आहे. ती गुडघ्याला दिवसातून दोनदा तेल लावते आणि तेवढ्याच वेळा मला बोलते. बाजारात हिरवा हरभरा आला. तुम्ही सगळे मजेत असाल असं लिहिणार होते, पण तुम्ही किती मजेत आहात ते आईच्या फोनवर रोज दिसतंच. परवा तू गाजराचा हलवा हलवताना दिसलीस म्हणे. कढई कोरी होती, असं आई म्हणाली. मी पाहिलं नाही.

तुझा निरोप मिळाला. "वेदू मेली की काय? ना फेसबुकवर, ना इन्स्टावर, ना व्हॉट्सॲपवर. लोक मला विचारतात." लोकांना सांग, जिवंत आहे. मेले असते तर तिथं जास्त दिसले असते.

निरोपाचा दुसरा भागही आईनं ऐकवला. तीस तारखेला बाबांचं वर्षश्राद्ध, तुला सुट्टी जमेलसं वाटत नाही, पण मी बाबांवर एक छानसं रील करून तुझ्या पानावर टाकावं. "ती सायकलची आठवण घे, लोकांना फार भिडली होती." आईनं फोन खाली ठेवला आणि म्हणाली, "दे न करून. तुले काय, दहा मिनटाचं काम." मी हो-नाही काहीच म्हटलं नाही. त्याचं उत्तर म्हणून हे पत्र आहे. पाकिटासाठी काल तिकीट आणायला गेले तर पोस्टातला माणूस माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता, की जणू मी खोटी नोट देते आहे.

मी काय काम करायचे ते तुला कधी धड माहीत नव्हतं. "आमची वेदू ऑनलाइन काहीतरी करते," असं तू मैत्रिणींना सांगायचीस. त्या काहीतरीचा थोडा मासला देते. वर्ध्याचे एक कोचिंग क्लासवाले होते. निकालाच्या दिवशी जिल्ह्यातली सगळी हुशार पोरं त्यांना आपलीच हवी असायची. एका मुलीच्या आईनं फोन करून विचारलं, आमची पोरगी तुमच्या क्लासची पायरीही चढली नाही, तिचा फोटो कसा? तर सर मला म्हणाले, "मॅडम, फोटो राहू द्या, फक्त नाव काढा." दुसरे एक मंगल कार्यालयवाले. त्यांच्या हॉलमधले पंखे फिरत नव्हते, पण पोस्ट मात्र जगभर फिरायला हवी होती. या सगळ्यांसाठी मी मनःपूर्वक, हार्दिक आणि भावपूर्ण हे शब्द इतके वापरले, की आता कुणी तोंडानं म्हटलं तरी मला मळमळतं.

आणि आपला आतेभाऊ धनंजय! भावी नगरसेवक. आपल्या लहानपणी तो भावी इंजिनिअर होता, म्हणजे भावी असण्याचा त्याला चांगला सराव आहे. त्याला रोज दिनविशेष लागायचा. सकाळी एकादशी, दुपारी कुणाची तरी जयंती, संध्याकाळी क्रिकेटवाल्यांचं अभिनंदन, आणि सगळीकडे त्याचा तोच हात जोडलेला फोटो. एकदा त्यानं मला जागतिक मधुमेह दिनाच्याही हार्दिक शुभेच्छा टाकायला लावल्या. त्यालाही दोनशे लोकांनी बदाम दिले. मी त्या दोनशे लोकांची नावं वाचली. त्यात तूही होतीस.

श्रद्धांजली हा या धंद्यातला सगळ्यात खात्रीचा माल. गेलेल्या माणसाचा फोटो वर, गोल, लहान. वाहणाऱ्यांचे फोटो खाली, चांगले ठळक. माणूस गेल्यावर अर्ध्या तासात पडली पाहिजे, नाहीतर दुसरा गट पुढे जातो. म्हणून गावात कुणी फार आजारी आहे असं कळलं, की मी साचा तयार ठेवायचे. अशी मी तयारीची बाई. माझी तारीफ व्हायची.

मागच्या वर्षी याच दिवसांत दवाखान्यानं बाबांना घरी न्यायला सांगितलं. "आता सेवा करा," असं डॉक्टर म्हणाले, त्याचा अर्थ आपल्याला सगळ्यांना समजला. धनंजय बाबांना पाहायला आला, पाच मिनिटं बसला आणि जाताना ओट्यावर मला म्हणाला, "वेदू, मामाजीचं बनवून ठेवजो. मायं पयलं गेलं पायजे." त्याच दिवशी फोनवर तुझा आवाजी निरोप आला. "वेदू, माझ्यासाठीही काहीतरी लिहून ठेव ना गं. त्या वेळी मला काही सुचणार नाही." धनंजयचा मला राग आला नाही. त्याच्याकडून मी दुसरी अपेक्षाच धरली नव्हती.

मी बाबांच्या खाटेशेजारी बसून सगळ्यांचं लिहिलं. धनंजयचं, मधूभाऊजींचं, तुझं. बाबा झोपले होते आणि मी त्यांच्याविषयी भूतकाळात लिहीत होते. तुझं लिहिताना मात्र माझ्यातली कारागीर कुठंतरी गळाली. साचा वापरवेना. मग मी तुझ्या नावानं सायकलची गोष्ट लिहिली. केळझरच्या गणपतीला बाबा चतुर्थीला सायकलवर घेऊन जायचे, वाटेत चेन पडायची, बाबा चेन चढवायचे आणि काळं बोट पुढे बसलेल्या लेकीच्या गालाला लावून म्हणायचे, "आता दृष्ट नाई लागत." लेक तशीच काळ्या गालानं देवळात जायची.

सगळ्यांचे पासवर्ड माझ्याकडेच होते. पोस्ट नुसती लिहून ठेवता येते. पण ती आपोआप पडायची तारीख आणि वेळ टाकल्याशिवाय काम झालं असं मला वाटत नसे. म्हणून सगळ्यांना पुढच्या आठवड्यातला गुरुवार टाकला, सकाळी नऊ. नऊला लोक चहाबरोबर फोन उघडतात. वेळ येईल तशी तारीख मागेपुढे करू, असा विचार केला.

आणि बाबा सुधारले. पेज घेऊ लागले, मग खिचडी मागितली, मग मला म्हणाले, "दाढी करून दे, भुतावानी दिसून राह्यलो." मी दाढी केली, उशा उन्हात घातल्या, पथ्याचं रांधलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा फोन विसरले. गुरुवारही विसरले.

त्या सकाळी बाबा ओट्यावर उन्हात बसून चहा पीत होते. समोरून शेजारचे भैय्याजी आले. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर पंचा, मागे गल्लीतले चारपाच जण. फाटकापाशी त्यांचे पाय जमिनीला चिकटले.

"बापूजी... तुमी?"

"मी नाई तं कोन? बस न, चहा घे."

"नाई, म्हंजे... मोबाइलवर तं तुमी गेलते."

बाबांनी बशीतला चहा संपवला. "मले कोनी सांगतलं नाई, बा," असं ते म्हणाले आणि हात पुढे केला. "दाखव बरं."

ताई, तू तासाभरानं फोन केलास तेव्हा मी तुला सांगितलं, की चूक झाली, सगळं काढून टाकलं, बाबांनी काही पाहिलं नाही. तू हुश्श केलंस. मग विचारलंस, "पण मग ते आता परत नाही ना वापरता येणार? पुढे दुसरं लिहावं लागेल." हे मी तुला टोमणा म्हणून सांगत नाही. तू असं बोललीस, ते मी ऐकलं आणि उठून बाबांना औषध दिलं.

बाबांनी सगळं पाहिलं होतं.

भैय्याजीच्या फोनवर, चष्मा लावून, एकेक. धनंजयचं पाहून म्हणाले, "मेलो मी, अन् फोटो याचा मोठा!" सगळे हसले, भैय्याजी तर टोपी काढून हसले. मधूभाऊजींचं वाचून म्हणाले, "जावई मराठी चांगलं लिवते." मग तुझं आलं. ते त्यांनी हळूहळू वाचलं. भैय्याजी म्हणाले, "शरयूनं काय मस्त लिवलं, बापूजी! डोयात पानी आलं." बाबांनी फक्त "हो" म्हटलं आणि फोन परत दिला.

सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मी रडत होते, माफी मागत होते, काय काय बडबडत होते. त्यांनी मला गप्प बसवलं.

"सायकलवर तं तू होती."

मी त्यांच्या हातातली रिकामी बशी घेतली.

"शरयू तवा वर्ध्याले मामाकडं शाळेत होती. ते कधी सायकलवर बसलीच नाई, तिले भेव वाटे." पुढे म्हणाले, "तू चांगलं लिवतं, वेदू. पन तिनं काय लिवलं असतं, तेवढं एक पाहाचं होतं मले." आणि मग, "तिले सांगू नको, मले समजलं म्हून. तिले वाईट वाटन."

मी वर्षभर सांगितलं नाही. आजही सांगितलं नसतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला तुला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. आठव. तू तुझ्या गॅलरीत होतीस, मागे दिव्यांची माळ होती. तू त्यांना नवीन कुंड्या दाखवल्यास. बाबांनी विचारलं, "शरयू, तुले मायी कायची याद येते?" आठवतं? तू हसलीस. "अहो बाबा, सगळंच आठवतं! असं काय विचारता? आराम करा बरं." ते "बरं बरं" म्हणाले. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवायला उठवलं तर उठले आणि नीट जेवले. उगाच वाढवून सांगत नाही, त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. पण तो प्रश्न त्यांनी काऊन विचारला होता, ते तुला आता समजलं असेल.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. ते खरोखर गेले तेव्हा तुला मी दुसरं लिहून दिलं. त्यात छत्र हरपलं, आधारवड कोसळला, असलं सगळं होतं. साचा होता. त्याला पहिल्यापेक्षा जास्त लाइक मिळाले. माझ्या स्वतःच्या नावानं मी काहीच टाकलं नाही. लोकांना ते विचित्र वाटलं. धनंजय म्हणाला, "तूच नाई टाकलं, वेदू? कमाल हाये." तेराव्यानंतर मी एकेकाला फोन करून काम सोडल्याचं सांगितलं, पासवर्ड परत दिले, खाती बंद केली. क्लासवाले सर म्हणाले, "मॅडम, बापूजींच्या धक्क्यानं का? एक पोस्ट करा ना त्याच्यावर, आपल्या पेजवर टाकू." हे माझे सात वर्षांचे गिऱ्हाईक.

आता मी वर्ध्याला एका छापखान्यात जाते. लग्नपत्रिका, वास्तूच्या पत्रिका, बारशाच्या. लोक तिथंही थापा मारतात, पण निदान लग्न तरी खरं असतं. बटणांचा साधा फोन आहे. बसमधून जाताना केळझरच्या बाजूची टेकडी दिसत नाही, उलट्या दिशेला आहे, त्याचं कधीकधी बरं वाटतं.

आईकडून कळलं, की तुमच्या सोसायटीतल्या बायकांच्या कार्यक्रमात तू सायकलची गोष्ट सांगितलीस आणि सांगताना रडलीस. आईनं मला कौतुकानं सांगितलं. मला तुझी घृणा वाटली. हा शब्द मी खोडून पुन्हा लिहिला आहे, कारण दुसरा बसत नाही. तू खोटं रडली नसशील, हे मला माहीत आहे. माझ्या गालाचं काळं तू स्वतःच्या गालावर इतके दिवस मिरवलंस, की ते तुला तुझंच वाटू लागलं असेल. त्यात निम्मं काम माझं. मीच ते तुझ्या नावावर चढवलं, म्हणून तुझी घृणा करून झाली की मला माझी करावी लागते. आणि ती संपली, की मला बाबांची इतकी आठवण येते, की छापखान्यात मशीन चालू असताना बरं असतं, कुणाला ऐकू जात नाही.

तर रील मी करणार नाही. सायकल मी परत घेते आहे. कुणाला सांगायची तर खरी सांग, माझी धाकटी बहीण बसायची म्हणून.

तीस तारखेला ये. सुट्टी मिळत नसेल तर बाबा गेले आहेत असं साहेबांना सांग, त्यांना ते आता जुनं झालं असेल, पण तुला अजून नवंच आहे. पिंड पाडून झाले, की मी भैय्याजींना आणि सगळ्यांना ओट्यावर बसवून ठेवीन आणि तू आत बाबांच्या फोटोपाशी एकटी बस. त्यांनी तुला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांना दे. मामाकडून सुट्टीत घरी यायचीस तेव्हा बस स्टँडवर तुला घ्यायला कोण उभं असायचं, ते आठवून बघ. पुढचं मला माहीत नाही, मी घरी असायचे. ते तुझं आणि त्यांचं आहे. मोडकंतोडकं असलं तरी चालेल. रागाचं असलं, तुला मामाकडे का ठेवलं हे विचारायचं असलं, तरी चालेल. मी दाराआडून ऐकणार नाही.

आईला हे पत्र दाखवलेलं नाही. तू येशील म्हणून ती तुझी गादी उन्हात घालते आहे. तिला वाटतं, रीलचं आपलं ठरलं.

तुझ्यासाठी यापुढे एक अक्षरही न लिहिणारी, पण तीस तारखेला स्टँडवर येऊन उभी राहणारी,

वेदू