मामंजींनी मागितलेली इटलीची पोळी

अक्का,

आत्याबाई वारल्यापासून मामंजी धड जेवत न्हाईत, तुमी बघताच. आज तुमी बाजाराला गेल्यावर म्हणाले, "पलटणीत हुतो तवा लढाईत इटलीला एका म्हातारीनं कोवळ्या भोपळ्याची पोळी खायला दिलती. तसली कर. दूध, लोणी, अंडं घालू नगं, तिच्या घरात त्यातलं कायबी न्हवतं."

मी कणीक तेलात मळून ताटलीत थापली, वर भोपळ्याच्या पातळ चकत्या, कांदा, टोमॅटो मांडला आणि पातेल्यात ठेवून झाकणावर निखारे घातले. मामंजींनी निम्मी खाल्ली. मग उठले आणि माझ्या पाया पडले!

"आई, लय उपकार झालं," म्हणाले. मला ती इटलीची म्हातारीच समजले जणू.

सासऱ्यानं सुनंच्या पाया पडावं? मागं सरावं का उभं ऱ्हावं, मला सुधरंना. तोंडातनं निघून गेलं, "पोट भरलं का रं, बाळा?"

"व्हय," म्हणाले आणि गाढ झोपले.

ह्यांना कुपवाडच्या कारखान्यात फोन लावायला कडेगावच्या पोस्टात चाललेय. काय सांगू, तेच कळंना. मामंजी आजारी हायत म्हणू, का आज जेवले म्हणू? उरलेली पोळी झाकून ठेवलीया. ते उठले तर वाढा, पण कुणी केली ते सांगू नगा.

अंजना