बिस्किटाच्या डब्यातली कोरी चिठ्ठी

बाबा,

स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही बिस्किटाचा पत्र्याचा डबा उघडायचात आणि मी चहा गाळता गाळता लोकांच्या प्रश्नांची एकेक चिठ्ठी वाचून दाखवायचे. वस्तीच्या वाचनालयाची हिवाळ्यातली व्याख्यानमाला अशी ठरायची. बाकीचे लोक आधी मोठा वक्ता गाठत. तुमचं उलटं. "आधी लोकाईले काय पुसायचं हाय ते पाहू, मंग पाव्हना हुडकू." ज्यांना लिहिता येत नसे त्यांचे प्रश्न मी उतरवून घ्यायचे. कॉन्व्हेंटमधल्या माझ्या अक्षराचं तुम्हाला कोण कौतुक!

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी मागावर पातळं विणणारी कोष्ट्याची म्हातारी वाचनालयाच्या पायरीवर येऊन बसली. "लिव वं मास्तरीण. ज्याले लिवता येत नाही, त्यानं आपल्या मायची याद कुठी ठेवावी?" मला वाटलं, हा काय व्याख्यात्याला विचारायचा प्रश्न आहे? मी मान खाली घालून कागदावर पेन्सिल नुसती फिरवली, टोक न टेकवता, आणि घडी करून डब्यात टाकली. तिनं समाधानानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिलीत.

"हे कोरं काहून वं?"

"म्हातारीचं बोलणं मला नीट ऐकू आलं नाही, बाबा."

तुम्ही कप खाली ठेवलात. "मंग जाय, पुन्हा पूस. शाळेनं तुले लिवायले शिकवलं. ऐकायचं मले शिकवा लागन."

मी गेले. चिठ्ठी हरवली म्हणाले. म्हातारी मागावरून न उठता हसली, "हरवू दे ना, माह्या तोंडात हाय अजून."

व्याख्यानाच्या दिवशी तुम्ही हुडकलेल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी तो प्रश्न वाचला आणि आपली टिपणं मिटली. "याचं उत्तर मला येत नाही. आजी, तुम्ही कुठे ठेवता?" म्हातारी उभी राहिली. "हातात. मायनं शिकवलेला पातळाचा काठ हेच हात इनते अजून." मागच्या भिंतीशी उभे राहून तुम्ही डोळे पुसत होतात.

पुढे मी ती व्याख्यानमाला सांभाळली, तुमच्याच रीतीनं. पेन्सिल टेकवून लिहिलं आणि लिहिलेलं परत वाचून दाखवलं. माझ्या हातून जे काही बरं झालं, ते तुमच्या त्या एका बोलण्यानं.

आता या वयात नंदनवनमधल्या माझ्या घरात आवराआवर करते आहे. डबा वाचनालयाला द्यायचा, कपाटात बंद नाही, टेबलावर ठेवायला. तुमची दौत माझ्या धाकट्या लेकाला. माझ्या लग्नात म्हातारीनं विणून दिलेलं पातळ माझ्या लेकीला. आणि ती कोरी चिठ्ठी, जी मी इतकी वर्षं जपली, म्हातारीच्या नातीला. ती आता आमच्या वाचनालयाच्या समितीत आहे. चिठ्ठी कोरी का, ते तिला मी समोर बसवून सांगेन.

तुम्हाला मात्र तुम्ही होतात तोवर सांगायचं राहिलं, आणि हे पत्र तर कुठेच जायचं नाही. बाबा, म्हातारीचं बोलणं मला त्या दिवशी अगदी स्वच्छ ऐकू आलं होतं.