शनिवारी फाटकाला कुलूप लावू नये

मी, प्रियदर्शनी आनंदराज गजभारे, वय सदुसष्ट, सेवानिवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. दाब म्हणजे काय हे मी आयुष्यभर शिकवले आहे, आणि या कागदावर कोणाचाही दाब नाही. एकाने तो आणून पाहिला, त्याचा उल्लेख पुढे येईल. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. माझे पती आनंदराज एसटीत वाहक होते, ते वारले. मला एकच मुलगा, प्रेम. त्याचा लातूरला फिजिक्सचा क्लास आहे. त्याची मुलगी महामाया अकरावीत शिकते. अहमदपूरचे घर, पुढची मोठी खोली आणि अंगण धरून, माझ्या पगारातून उभे राहिले आहे. ते वडिलोपार्जित नाही, त्यामुळे त्याचे काय करायचे हे मीच ठरवणार.

कलम २. माझी लोखंडी पेटी नगरपालिका शाळेच्या शिक्षिका रेणुका माणिकप्पा बिरादार यांना द्यावी. पेटीत चुंबक, कोपरा उडालेला लोलक, स्प्रिंगचा काटा, भिंग, कापराची डबी आणि काही दगड आहेत. दगड धुऊ नयेत.

ही पेटी का भरली ते लिहून ठेवते. माझी पहिली नोकरी हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यात, एका संस्थेच्या शाळेत होती. परीक्षेआधी मी सातवीच्या वर्गाला विचारले, चुंबक कशाला चिकटतो? सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिले. मग मी टेबलावर खिळा, पितळी वाटी आणि चावी ठेवली आणि म्हटले, या, लावून बघा. एकही लेकरू जागचे हलले नाही. पाठ होते, पण हात लावायचा असतो हे कोणी सांगितलेच नव्हते.

त्या आठवड्यात मी उजळणी बंद केली आणि शोधाचा खेळ सुरू केला. वर्गात, व्हरांड्यात, मैदानात चिठ्ठ्या लपवल्या. एका चिठ्ठीवर कोडे, कोड्याचे उत्तर म्हणजे एखादी वस्तू, आणि त्या वस्तूपाशी पुढची चिठ्ठी. 'मी पातळ न होताच उडून जातो' म्हणजे कापूर. 'मला कोणी एका टोकाला दाबले की मी दुसऱ्या टोकाला धोंडा उचलते' म्हणजे पहार. 'मला एकेकाळी कढ आला होता' म्हणजे आपल्याकडचा भोकाभोकांचा काळा दगड. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले, त्यांची ती भोके. चौघाचौघांचे गट मी नावे उचलून पाडले. कोण कोणाच्या गटात येईल ते माझ्याही हातात नव्हते.

एक चिठ्ठी मात्र मी मुद्दाम लिहिली होती. 'वीज नाही, बर्फ नाही, तरी मी गार कसा?' उत्तर होते व्हरांड्यातला माठ. पुढची चिठ्ठी त्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली होती. त्या शाळेत आमच्या बौद्ध वस्तीतली लेकरे माठाला शिवत नसत. दुसऱ्या कोणी वरून ओतले तर ओंजळीने पीत. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, आणि म्हणूनच तो कोणाला खोडता येत नव्हता.

माठापाशी पहिला पोहोचला तो दयानंदचा गट. दयानंद आमच्या वस्तीतला. त्याच गटात संस्थेचे अध्यक्ष शेषेराव यांची मुलगी आरती होती. दयानंद धावत आला आणि माठापुढे थबकला.

"बाई, म्या झाकण काढलं तर चालतंय का?"

"चिठ्ठीत कुणाचं नाव लिहिलंय का?"

"न्हाई."

"मग काढ."

त्याने झाकण काढले. आरतीला पळून पळून तहान लागली होती. तिने त्याच माठात पेला बुडवला, घटाघट प्याली आणि ओरडली, "वाच की रे, ते बाकीचे येऊन राहिलेत!"

दुसऱ्या दिवशी माठ फुटलेला होता आणि शेषेरावांचे बोलावणे आले.

"बाई, तुम्ही शास्त्र शिकवा. बाकीचं कशाला लावलंय?"

"शास्त्रच शिकवून राहिले. माठाच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते, वाफ उष्णता घेऊन जाते, म्हणून आतलं पाणी गार राहतं. झाकण कुणाच्या हातानं उघडलं ह्यानं त्यात काही फरक पडत असेल, तर फळ्यावर लिहून दाखवा. मी उद्या शिकवते."

ते म्हणाले, माफी लिहून द्या. मी दिली नाही. हदगावच्या बाजारातून नवा माठ घेतला, एसटीत मांडीवर धरून आणला आणि शनिवारी तोच खेळ, तीच चिठ्ठी, पुन्हा लावली. काही पालकांनी पोरे घरी ठेवली. जी आली, ती सगळी त्या माठाचे पाणी प्याली. एप्रिलमध्ये माझी नोकरी गेली. आनंदराज म्हणाले, "माठ फुटला का पुन्हा?" मी म्हटले, नाही. "मग झालं तर." पुढे अहमदपूरला दुसरी शाळा मिळाली. निवृत्त होईपर्यंत तिथे, आणि नंतर माझ्या अंगणात दर शनिवारी, हा खेळ चालू आहे.

कलम ३. शेषेराव आता नाहीत. त्यांनी कधी चूक कबूल केली नाही, आणि मीही त्यांना माफ केलेले नाही. हा राग मी कोणालाही वारशाने देत नाही. आरती भेटली की तिला माझ्याकडून जेवू घालावे.

कलम ४. दयानंद आज लाइनमन आहे. हदगावहून येऊन तो माझ्या अंगणात लेकरांना विजेचे सर्किट जोडून दाखवतो. आनंदराजांचे घड्याळ त्याला द्यायचे माझ्या मनात होते. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करता येत नाही. मी दयानंदला विचारले. तो म्हणाला, "बाई, घड्याळ ऱ्हाऊ द्या. मला सही करू द्या." म्हणून घड्याळ प्रेमला.

कलम ५. घराविषयी. प्रेमला हे घर क्लासच्या वसतिगृहासाठी हवे होते. गेल्या उन्हाळ्यात त्याने महामायेला आठ दिवस माझ्याकडे सोडले. शनिवारी ती नगरपालिका शाळेच्या मुलांच्या गटात पडली, जरा नाक मुरडतच. कढ आल्याची चिठ्ठी हाती आली तशी ती थेट स्वयंपाकघरात गेली आणि दुधाचे पातेले घेऊन बाहेर आली. सगळे अंगण हसले. नंतर तीही हसली. कुंपणाच्या भिंतीतला दगड सापडल्यावर ती त्याच्या भोकात बोट घालून बराच वेळ बसली.

"आज्जी, हा खरंच उकळला होता? इथंच?"

"इथंच. तू बसली आहेस ती सगळी जमीन."

प्रेम तिला न्यायला आला, तर ती निघेना. तो माझ्यावर चिडला. "आई, खेळून रँक येत नसती!"

"खरं आहे. पण तिला दहा वर्षांच्या शाळेत पहिल्यांदा प्रश्न पडलाय. तेवढा घेऊन जा."

बाप-लेक भांडत गेले. पुढच्या शनिवारी महामाया एकटी बसने आली.

म्हणून हे घर मी महामायेला देते. ती सज्ञान होईपर्यंत देखभाल प्रेमने करावी. पुढची खोली आणि अंगण दर शनिवारी लेकरांसाठी उघडे राहील, आणि फाटकाची किल्ली रेणुकाबाईंकडे राहील. हे प्रेमला सांगितले तेव्हा तो म्हणाला, घर तिला दे, पण किल्ली माझ्याकडे राहू दे. मी नाही म्हटले. खोली भाड्याने दिली किंवा शनिवारी कुलूप लावले, तर देखभालीचा हक्क त्याच दिवशी रेणुकाबाईंकडे जाईल. प्रेम रागावेल. रागावू दे.

कलम ६. बँकेतल्या ठेवी प्रेमच्या. तो मेहनती आहे आणि मुलांना जीव तोडून शिकवतो, हेही मी इथे लिहून ठेवते. तोंडावर कधी म्हटले नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी रेणुकाबाईंनी करावी.

कलम ७. माझ्यामागे घरी त्रिसरण-पंचशील घ्यावे. जेवणावळ घालू नये. माझा देह लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात द्यावा. त्या अर्जावर प्रेमने माझ्यासमोर सही केली आहे. सही करताना तो रडला. माझ्या उजव्या मांडीत डॉक्टरांनी बसवलेली एक सळई आहे. हे महाविद्यालयाच्या कार्यालयात सांगावे, पहिल्या वर्षाच्या मुलांना मात्र कोणी सांगू नये. त्यांना शोधू द्यावे. ती चुंबकाला चिकटते का, हेही त्यांनी स्वतःच लावून पाहावे.

वरील सर्व मी वाचले, मला पटले, आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

प्रियदर्शनी आनंदराज गजभारे

साक्षीदार:
१. दयानंद निवृत्ती सोनकांबळे, लाइनमन, हदगाव
२. शंकरप्पा बसप्पा हलगे, शेजारी, अहमदपूर

ठिकाण: अहमदपूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४