भिंतीपलीकडचा टीव्ही

तीर्थरूप तोकिकोताईस,

धाकट्या शिंकिचीचा कपाळ टेकून नमस्कार. इकडे किर्यूला डोंगरावरून वारा सुटला आहे, तिकडे हाकोदातेला तर बर्फही पडू लागलं असेल. दाजींची कंबर कशी आहे? लोणच्याचे मुळे वाळत घालायला त्यांना शिडीवर चढवू नकोस. (चढवलंच असशील तर निदान शिडी धर.) मी बरा आहे. अब्रूचं मात्र सांगता येत नाही, म्हणून हे पत्र.

मोठ्या दुकानात माल स्वस्त मिळतो, आपल्या इसोबेंच्या विजेच्या दुकानात खात्री मिळते, असं बाबा म्हणायचे. त्या खात्रीचा मी जुलैमध्ये बोऱ्या वाजवला. वसाहतीतल्या तिसऱ्या मजल्यावर कुरोसुसान राहतात. बसचालक होते, आता निवृत्त. शेजारी हातानाकाबाई, शिवण शिकवायच्या. दोघंही एकटे, मध्ये एकच भिंत, आणि अठरा वर्षांची ओळख म्हणजे जिन्यात मान लववणं. दोघांनी एकाच दिवशी माझ्याकडून एकसारखे टीव्ही घेतले. कुरोसुसानांचा टीव्ही आपल्या रिमोटची ओळख पटवून घ्यायला तयार होऊन बसला होता, तेवढ्यात शेजारून बार्लीच्या चहाचं बोलावणं आलं. (सोबत तांदळाच्या कुरकुरीत चकत्या. मी काही दगड नाही.) चहा पिता पिता मी बाईंच्या रिमोटची ओळख पटवायची बटणं दाबली. जुना रिमोट प्रकाशावर चालायचा, मध्ये मांजर आलं तरी गप्प. हा नवा रेडिओलहरींवरही बोलतो, त्याला भिंत म्हणजे कागद. पलीकडे वाट बघत बसलेल्या टीव्हीने बाईंच्या रिमोटलाच आपलं म्हटलं. दोन्ही टीव्ही आपापल्या रिमोटच्या नुसत्या प्रकाशावर चालत राहिले, त्यामुळे मला काही संशय आला नाही.

पुढचे हाल कुरोसुसानांचे. सुमोचे मल्ल चार मिनिटं मीठ उधळणार, मांड्या थोपटणार, डोळे वटारणार. ते सगळं दिसायचं. धडक बसली की पडद्यावर एक बाई मुळा किसताना! ते सहा वेळा दुकानात आले. मी अँटेना बदलली, सेल बदलले, डोंगराला दोष दिला, त्यांच्या मायक्रोवेव्हलाही दिला. (त्याच्याही लहरी त्याच पट्ट्यातल्या, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं.) मग एकदा बाईंकडे दिवा बदलायला गेलो असताना त्यांनी चॅनेल बदललं आणि भिंतीपलीकडून कुरोसुसानांची आरोळी ऐकू आली. घोळ माझ्या लक्षात आला. दुसऱ्या दिवशी बाईंकडून रिमोट मागून घेतला आणि जिन्यात उभं राहून मोजलं: कुरोसुसानांच्या टीव्हीवर तो अकरा पावलांपर्यंत चालतो.

चार रात्री झोप नाही. वसाहतीत बोभाटा झाला की दुकानाला टाळंच. शेवटी माफीची मिठाई घेऊन कुरोसुसानांचं दार वाजवलं. उत्तर नाही. त्यांचा आवाज आला तो बाईंच्या घरातून. टीव्ही फारच त्रास देतो, तुमचाही देतो का, एवढं विचारायला ते आदल्या दिवशी तिथे गेले होते म्हणे. बाईंनी सामना इथेच बघा म्हटलं, आणि आज पुन्हा बोलावलं. मी चटईवर गुडघे टेकून सगळं कबूल केलं.

कुरोसुसान म्हणाले, "इसोबे, शिव्या नंतर देतो. आधी बाजूला हो, सामना दिसत नाहीये."

दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
शिंकिची

ता. क. आता दोघांना दोन टीव्ही कशाला, म्हणून त्यांनी कुरोसुसानांचा मला परत दिला. वापरलेला आहे, दुकानात नवा म्हणून मांडता येत नाही. तुमच्या टीव्हीला चित्र यावं म्हणून दाजी अजून थपडा मारतात ना? हाच घ्या. जोडायला मी स्वतः येईन.

आणखी एक. काल टीव्ही न्यायला गेलो तेव्हा हातानाकाबाई जिन्यापर्यंत पोचवायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं हो. ओरडणं ऐकू यायचं ना. म्हटलं, बघू तरी कितव्या सामन्याला माझं दार वाजवतात. सप्टेंबरची अख्खी स्पर्धा गेली, इसोबेसान. शेवटी शेवटी माझा अंगठा दुखायला लागला होता."