वाटीतील सात कवट्या

मी, दत्तप्रसाद भिकाजी दळवी, वय वर्षे त्रेपन्न, प्राणिशास्त्राचा अध्यापक, राहणार कट्टा, तालुका मालवण, येणेप्रमाणे लिहून ठेवतो की, आजमितीस माझी बुद्धी स्थिर, हस्त निष्कंप आणि रक्तदाब गोळीच्या आज्ञेत आहे. हे लिहिण्यास कोणी धाक दाखविलेला नाही. "लिवन टाका एकदाचा," असे धर्मपत्नी किशोरी प्रत्यही म्हणते. तो धाक नव्हे, नित्यपाठ होय.

कलम १. राहते घर, काजूची बाग व बँकेतील ठेवी माझ्या पश्चात किशोरीच्या. तिच्या पश्चात कन्या अक्षयाच्या. विहिरीचा पंप चालू होण्यापूर्वी त्यास एक लाथ अनिवार्य आहे, हे ज्ञानही वारसाहक्कात समाविष्ट समजावे.

कलम २. कवट्या मोजण्याचा वर्निअर अक्षयाला. चुलतबंधू बाळा याने तो "जरा नेतंय" म्हणून नेला, बोटीच्या इंजिनाचे बोल्ट मोजले आणि आठ महिन्यांनी बांगड्याच्या गंधासह प्रत्यर्पित केला. सबब बाळास काहीही मिळू नये.

कलम ३. आता मुख्य संपत्ती. शेतकऱ्यांच्या सापळ्यांत सापडलेल्या, परस्परांच्या भाऊबंद अशा थोरल्या व धाकट्या दोन जातींच्या उंदरांच्या तीनशे बारा कवट्या मी एकोणीस वर्षांत जमविल्या. प्रत्येकीवर शाईने क्रमांक, प्रत्येकीस स्वतंत्र आगपेटी, आत क्रमांक व गाव लिहिलेली चिठ्ठी. तीन वर्षांपूर्वी चतुर्थीच्या साफसफाईत किशोरीने सर्व आगपेट्या रित्या करून कवट्या सुपात ओतल्या आणि आकारमानाने लावून ठेवल्या. काजूच्या कारखान्यात ती बारा वर्षे गर निवडीत होती. मी मौनव्रत धारण केले. त्याची दखल चौथ्या दिवशी घेण्यात आली.

तेव्हा सात कवट्या तिने वाटीत निराळ्या ठेवलेल्या दिसल्या. मी समजावले, "ही थोरल्या जातीची पिल्ले. म्हणून लहान."

"पोरां खंयची? म्हातारे आसत. दात बघा, झिजान सपाट झाले. नाकाड पण आखूड. तुमका इतकी वर्सां पगार कित्याक दिल्यानी?"

वाटी घेऊन मी मुंबईच्या संग्रहालयात गेलो. तेथील खणांतल्या शतायुषी कवट्यांशी लांबी, रुंदी, मुखाग्र ताडून पाहिले. सातही दोडामार्गच्या, सातही प्रौढ, आणि कोणत्याही खणात न बसणाऱ्या. नवी जात की निव्वळ निराळी वस्ती, हा निर्णय प्रलंबित आहे. मात्र शोधनिबंधावर मी एकच नाव छापविले : माझे. ती विस्मृती नव्हती. गर निवडणारीने प्राध्यापकास शिकविले, हे छापण्याचे धैर्य मजपाशी नव्हते.

कलम ४. सर्व कवट्या त्या संग्रहालयास द्याव्यात. क्रमांक व चिठ्ठ्या यांची ताटातूट करू नये. त्या सातांच्या चिठ्ठीवर 'ओळखणारी : किशोरी दळवी' असे लिहिणे संग्रहालयास अमान्य असल्यास त्या सात मिळणार नाहीत. अक्षयाने त्या घरीच जपाव्यात.

हा मसुदा किशोरीस वाचून दाखविला. तिने कलम ४ पुन्हा एकदा वाचावयास लावले. मग म्हणाली, "नाव ऱ्हवांदे. पण पयली ती माजी वाटी मोकळी करा. तीन वर्सां सोलकढी कपात पितंय."

कलम ५. सबब सातही कवट्या आगपेट्यांत स्थलांतरित करून, सदर वाटी मी स्वहस्ते घासून, साक्षीदारांसमक्ष तिची तिला परत केली. माझ्या हयातीत झालेले हे एकमेव वाटप.

लिहून ठेवणार : दत्तप्रसाद भिकाजी दळवी (सही)

साक्षीदार :
१. विनीत सावंत, शेजारी (सही)
२. बाळा दळवी, काहीही न मिळाल्याने पात्र (सही)

स्थळ : कट्टा
दिनांक : १२ ऑक्टोबर २०२५